जहाज कंपनीचा गेम: तिसऱ्यांदा दिवाळं वाजलं, कुठे चुकतंय?

फलाट_नऊ

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज लाज सोडून धागा काढतोय.

रोज ठाण्याहून घणसोलीला जातो. नऊ नंबरच्या फलाटावर खिडकी मिळाली की फोन काढायचा आणि 'पोर्ट्स ऑफ कॉल' सुरू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऐंशीच्या दशकात दोन जर्मन लोकांनी अमिगा कॉम्प्युटरसाठी हा गेम केला, आता तो फोनवरही चालतो. तुम्ही जहाज कंपनीचे मालक. जुनं जहाज विकत घ्या, तेल भरा, मिळेल ते भाडं उचला, वेळेत पोचवा. उशीर झाला तर दंड. बंदरात शिरताना टग (जहाज ओढणारी छोटी बोट) भाड्याने घ्या, नाहीतर स्वतः सुकाणू हातात घेऊन जहाज धक्क्याला लावा. चित्रं आजच्या मानाने अगदीच बाळबोध, पण नाद भयंकर.

तर माझी कर्मकहाणी. दोन खटारा जहाजांवर हळूहळू बरे पैसे जमले होते. मग डोक्यात वारं शिरलं. दोन्ही विकली, होती नव्हती ती पुंजी घालून एक झकास मोठं जहाज घेतलं. पहिली फेरी फुल स्पीडने मारली, वेळेआधी पोचलो, छाती फुगली. त्या बंदरातून परतीचं भाडंच मिळेना. तीनदा वाट बघून रिकामाच निघालो. वाटेत खडकाला घासलो. त्यात टगचे पैसे वाचवायला स्वतः जहाज लावायला गेलो आणि धक्काच फोडला. दुरुस्ती केल्यावर तेलाला पैसे उरले नाहीत. कोटींचं जहाज बंदरात उभं आणि मालकाच्या खिशात दमडी नाही. खेळ खलास.

हे असं तीनदा झालंय. नवी मुंबईत निम्मी बिल्डिंग शिपिंगवाल्यांची असते म्हणतात, तर जाणकारांनी सांगावं. खऱ्या धंद्यातही असंच असतं का, की गेमच आचरट आहे?

खेकडा

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचेन.

स्पष्टवक्ता_डोंबिवली

मोबाईलवर गेम हरलो म्हणून धागा? उद्या ल्युडोत सोंगटी मेली म्हणून शोकसभा घ्या. उगाच पाडलेली जिलबी.

फलाट_नऊ

@स्पष्टवक्ता, मान्य. पण गरम आहे तोवर खाऊन घ्या.

इंजिनरूम

धागाकर्त्याची चूक मला पहिल्या फेरीतच दिसली. मी चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालो, आता नेरूळला असतो. सकाळी करावेच्या बाजूला फिरायला जातो तेव्हा टी. एस. चाणक्यची, म्हणजे मर्चंट नेव्हीच्या प्रशिक्षण संस्थेची पोरं पळताना दिसतात. ती अजून जहाजावर चढायची आहेत आणि मी उतरलोय, तेव्हा आमचं एकमेकांकडे बघणं सुरूच असतं. असो.

"फुल स्पीडने मारली, वेळेआधी पोचलो" हे वाक्य वाचून माझ्या एका जुन्या सुपरिंटेंडेंटने कपाळावर हात मारला असता. वेळेआधी पोचण्याचे तुम्हाला किती जास्त मिळाले? शून्य. आणि तेल किती गेलं?

हिशेब मांडतो. वेग थोडा वाढवला की रोजचं तेल त्या प्रमाणात वाढत नाही, साधारण वेगाच्या घनाने वाढतं. समजा ४,२०० सागरी मैलांची फेरी आहे आणि १४ नॉटला, म्हणजे ताशी १४ सागरी मैलांना, रोज ३० टन लागतं. ३०० तास, म्हणजे साडेबारा दिवस, एकूण ३७५ टन. तीच फेरी १२ नॉटने करा. ३५० तास, म्हणजे साडेचौदा दिवसांच्या जरा वर. पण रोजचं तेल आलं १९ टनांच्या आसपास, एकूण २७५. दोन दिवस उशिरा पोचलात आणि १०० टन तेल टाकीत राहिलं. त्या दोन दिवसांचा पगार, विमा, बाकी खर्च वजा करा आणि मग ठरवा कुठला वेग परवडतो. २००८ नंतर मोठमोठ्या लाइनी, म्हणजे जहाज कंपन्या, हेच करत आल्या, स्लो स्टीमिंग म्हणतात त्याला.

आमच्या इंजिनरूमची मात्र त्यात वाट लागायची, कारण एवढालं इंजिन कमी लोडवर आठवडेच्या आठवडे चालवलं की काजळी धरते, टर्बोचार्जर घाण होतो. मालकाचं तेल वाचायचं आणि आमच्या पोरांचे हात काळे व्हायचे. गेममध्ये ते हात दिसणार नाहीत.

फलाट_नऊ

काका, दंडवत. मी वेगाचा काटा आजवर फक्त उजवीकडेच ओढत आलोय.

मृण्मयी_ऐरोली

काकांचा हिशेब पटला, पण परतीच्या भाड्याचं काय? रिकामं जहाज तर वेग कमी करूनही तोट्यातच.

इंजिनरूम

बरोबर पकडलंत. रिकाम्या फेरीला आमच्यात बॅलास्ट म्हणतात. पोटात समुद्राचं पाणी भरून, वजनापुरतं वजन घेऊन जायचं. एक पैसा मिळत नाही. म्हणून जातानाचं भाडं ठरवतानाच बघायचं की ज्या बंदरात जातोय तिथून पुढे काय मिळेल. चांगल्या भाड्याने भलत्याच कोपऱ्यात जाण्यापेक्षा मध्यम भाड्याने गजबजलेल्या बंदरात गेलेलं बरं. रिक्षावाला घोडबंदरच्या आत जायला तयार का होत नाही, तेच कारण.

कासारवडवली_ते_कुठेही

काका, घोडबंदरचं नाव काढलंत म्हणून येतो. आमच्याकडे रिक्षा आत येत नाही आणि ट्रेलर बाहेर जात नाही. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर रात्री गायमुख घाटात एकामागे एक उभे असतात, त्यातला एक बंद पडला की सकाळी आमचं ऑफिस बुडालं. गेमवाल्यांना सांगा, एक लेव्हल घोडबंदरची टाका. कितीही मोठा शेठ असू दे, दिवाळं वाजणारच.

अवांतर: आमच्या रस्त्याच्या नावात अजून 'बंदर' आहे, हे नव्या टॉवरवाल्यांना सांगितलं तर खोटं वाटतं. उल्हास नदीच्या काठी घोड्यांचा व्यापार चालायचा, ते घोडबंदर. तेव्हा जहाजं यायची, आता जहाजातली खोकी चाकांवर येतात.

उरणकर

अवांतर नाही हो ते, मुद्द्याचंच आहे. काका जहाजावरचं बोलले, मी धक्क्याच्या अलीकडचं सांगतो. बारा वर्षं क्लिअरिंगच्या ऑफिसात आहे, न्हावा शेवा.

गेममध्ये 'माल भरा' दाबलं की माल भरतो ना? तिथेच गेम खोटा. जहाज बंदराला लागून दोर बांधायच्या आधी सगळी मारामारी झालेली असते.

मागच्या द्राक्षाच्या सीझनची गोष्ट. दिंडोरीकडून एक रीफर, म्हणजे थंड कंटेनर, निघालेला, चाळीस फुटी, रॉटरडॅमचा माल. आत तापमान शून्याच्या आसपास, ट्रेलरवर जेनसेट (डिझेल जनरेटर) लावलेला. गेट बंद व्हायची वेळ, म्हणजे कट-ऑफ, रात्री दहाची. संध्याकाळी पाचला ड्रायव्हरचा फोन, "साहेब, गव्हाण फाट्याला आलो." मी म्हटलं झालं काम. सात वाजता फोन, "जासई." नऊ वाजता फोन, "करळच्या अलीकडे, पुढे काही हलत नाही." मी बाईक काढली. ट्रेलरांच्या मधून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचलो तर हा केबिनमधून उतरून मागे जेनसेटपाशी मोबाईलचा टॉर्च मारून काटा बघतोय. डिझेल पाव टाकी. मला म्हणाला, "द्राक्षं थंड आहेत साहेब, मीच तापलोय."

तेवढ्यात बागायतदाराचा फोन. त्यांना काय सांगणार? समोर क्रेनचे दिवे दिसतायत, जहाज तिथेच उभं आहे, आणि आम्ही तीन किलोमीटरवर. दहा वाजले, गेट बंद. कागद सगळे चोख, कस्टमचा एलईओ, म्हणजे माल बाहेर न्यायची शेवटची परवानगी, मिळायचा तेवढा बाकी होता. माल पुढच्या जहाजावर ढकलला, आमच्यात 'रोल झाला' म्हणतात. पुढचं जहाज आठवड्याने. तोवर रीफर यार्डात प्लगला लावून ठेवायचा, त्याचं रोजचं भाडं वेगळं. आणि रॉटरडॅमला आठवडाभर उशिरा पोचलेल्या द्राक्षाला कोण विचारतो, तोवर दुसऱ्यांचा माल आलेला असतो.

त्यात २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. त्यानंतरच्या सीझनला बऱ्याच लाइनींनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घातला. दहा-बारा दिवस वरचे. द्राक्ष काय लोखंड नाही.

फलाट_नऊ दादा, तुमचं जहाज उभं राहिलं तर तुमचे पैसे गेले. इथे जहाज वेळेवर जातं आणि तरी पैसे जातात, फक्त दुसऱ्याचे.

खेकडा

वाचला. उरणकरांचा प्रतिसाद हाच खरा धागा. +१००

स्पष्टवक्ता_डोंबिवली

बरं, जिलबी शब्द मागे घेतो. पण एक शंका. एवढं सगळं असेल तर लोक या धंद्यात पडतात कशाला?

इंजिनरूम

कारण चांगल्या दिवसात दुसऱ्या कुठल्याच धंद्यात इतका पैसा नसतो. बाल्टिक ड्राय इंडेक्स म्हणून सुट्या मालाच्या जहाजभाड्याचा निर्देशांक असतो. २० मे २००८ ला तो ११,७९३ वर होता. कोळसा आणि लोहखनिज वाहणाऱ्या मोठ्या जहाजाला दिवसाला दोन लाख डॉलरच्या वर भाडं मिळत होतं. दिवसाला बरं का. त्याच वर्षी ५ डिसेंबरला इंडेक्स ६६३. भाडं दिवसाला दोन-तीन हजार डॉलरवर आलं, त्यात खलाशांचा पगारही निघत नाही.

मी त्या हिवाळ्यात सिंगापूरबाहेर नांगरावर होतो. मोठं जहाज, पोट रिकामं, पुढचं भाडं ठरेना. रात्री डेकवर आलं की चारी बाजूंना नुसते नांगरावरच्या जहाजांचे दिवे, जणू गावच वसलंय. ऑफिसकडून रोज एकच निरोप: थांबा. मेन इंजिन बंद, जनरेटर एकच चालू ठेवायचा. कुक आमचा रत्नागिरीचा, त्याने तिसऱ्या आठवड्यात कांदा मोजून द्यायला सुरुवात केली. त्या पाच-सहा महिन्यांआधी ज्यांनी चढ्या भावाने नवीन जहाजं बुक केली होती, त्यांचं काय झालं असेल विचार करा. धागाकर्त्याने नेमकं तेच केलंय, तेजीत दोन जुनी विकून एक महाग घेतलं.

फलाट_नऊ

आणि तेलाला पैसे ठेवले नाहीत. म्हणजे मी बुडालो तेव्हा खरं तर माझ्याकडे कोटींची मालमत्ता होती?

उरणकर

हो ना. हॅनजिन आठवतेय का कोणाला? कोरियाची एवढी मोठी लाइन, ऑगस्ट २०१६ च्या शेवटी कोर्टात गेली. जहाजं होती, माल होता, पण बंदरांना वाटलं आपले पैसे कोण देणार? जहाजं बाहेरच थांबली. आत घेतली नाहीत, घेतली तर उतरवायची कोणी? आमच्या ऑफिसात त्यांचे रिकामे डबे (कंटेनर) घेऊन बसलेले लोक यायचे. डबा परत करायचा तर घेणारं यार्ड नाही, ठेवायचा तर जागेचं भाडं. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनी अधिकृतपणे दिवाळखोर. तुमच्यासारखंच, फक्त जरा मोठ्या स्क्रीनवर.

मृण्मयी_ऐरोली

मला एक विचारायचंय. इतका वेळ जहाज, तेल, भाडं, डबे, द्राक्षं सगळं झालं. जहाजावरची माणसं कुठे आहेत?

माझा नवरा सेकंड ऑफिसर आहे. माझ्या भाच्याने हा गेम दाखवला होता, त्यात माणसांचा पगार खर्चाच्या खात्यात जातो, झालं. २०२० मध्ये याचं सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट संपलं आणि विमानं बंद. कुठलंच बंदर उतरू देईना. जहाज मुंबईवरून गेलं, त्याला रेंज मिळाली, म्हणाला, "दिवे दिसतायत." मी गच्चीवर गेले. ऐरोलीच्या गच्चीवरून खाडी दिसते, समुद्र नाही, हे मलाही माहीत होतं. तरी गेले. तो आणखी चार महिन्यांनी घरी आला. तेव्हा जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी असे अडकलेले होते.

गेममध्ये असं एक बटण हवं, 'खलाशांना घरी पाठवा'. आणि ते दाबलं की पैसे जायला हवेत, म्हणजे कळेल मालक का दाबत नाहीत.

इंजिनरूम

मृण्मयीताई, यावर काही बोलत नाही. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

जुनी_पानं

चर्चा छान चाललीय. एक इतिहासातली भर. गेममध्ये प्रतिस्पर्धी असतात ते सभ्य असतात असं दिसतंय. ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया कंपनीचं 'एस. एस. लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं, त्याच तारखेला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यामागच्या मंडळींत होते. ब्रिटिश कंपन्यांनी काय केलं? भाडी इतकी पाडली की नवख्याने मैदान सोडून पळावं. तोटा सोसायची ज्याची ताकद जास्त तो जिंकतो, असा तो खेळ. सिंदिया तगली हे विशेष.

आणि त्याच्याही आधी कान्होजी आंग्रे. त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्यावरून जायचं नाही. कंपनी सरकार त्यांना समुद्री चाचा म्हणायचं आणि स्वतः परवाने विकायचं. हे गेममध्ये आलं तर मी खेळेन.

कासारवडवली_ते_कुठेही

म्हणजे फास्टॅगचे आद्यजनक.

उरणकर

इतिहास निघालाच आहे तर एक माझंही. गेममधल्या बंदराला गाव नसतं. नुसता धक्का, क्रेन आणि नाव. आमच्याकडे न्हावा आणि शेवा ही गावं होती, अजून आहेत त्यांच्या खुणा. शेवा कोळीवाडा उठवून हनुमान कोळीवाड्यात आणला, तिथे वाळवीने घरं खाल्ली. नवी मुंबईच्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाच जण गेले. जासईला अजून दरवर्षी लोक जमतात. बंदर सुरू झालं २६ मे १९८९ ला. माझे आजोबा मासेमारी करायचे, वडील बंदरावर कंत्राटी होते, मी कागद फिरवतो. मला नोकरी बंदरानेच दिली हे नाकारत नाही. फक्त असल्या गेममध्ये बंदर 'अनलॉक' होतं म्हणतात, त्याचं जरा हसू येतं.

स्पष्टवक्ता_डोंबिवली

उरणकर, तुम्ही वेगळा धागा काढा. मी पहिला प्रतिसाद देईन, आणि तो जिलबी नसेल.

फलाट_नऊ

सगळ्यांचे आभार. परवापासून नवीन डाव मांडलाय, अहवाल देतो.

काकांचं ऐकलं. दोन जुनीच जहाजं घेतली, मोठ्याच्या जाहिरातीकडे बघितलंही नाही. वेगाचा काटा मधोमध. भाडं घेताना आधी पुढचं बंदर बघतो, एकदा तर जास्त पैशांचं भाडं सोडून दिलं आणि तीन फेऱ्या सलग भरून केल्या. तिजोरीत दोन फेऱ्यांचं तेल होईल एवढे पैसे हात न लावता ठेवलेत. आठ फेऱ्या झाल्या, एकही दंड नाही. कंटाळवाणं आहे पण बुडत नाही.

उरणकर दादा, काल ट्रान्स-हार्बरच्या गाडीत तुर्भ्याच्या एका माणसाला तुमच्या रीफरची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आमच्या मार्केटला येणारी गाडी पण तशीच अडकते, फक्त प्लग नसतो."

मृण्मयीताई, तुमच्या बटणाचं गेमवाल्यांना खरंच लिहिलंय. उत्तर आलं तर इथे डकवेन.

इंजिनरूम

शाब्बास. आणि बंदरात शिरताना टग घेता की नाही? का अजून हौस आहे?

फलाट_नऊ

काका, आज सकाळी हौस केली. अर्धा वेग, मग डेड स्लो, मग इंजिन उलटं, एकदम तुम्ही म्हणाल तसं. जहाज धक्क्याला लोण्यासारखं टेकलं, ओरखडा नाही. आनंदाने मान वर केली तर कोपरखैरणे आलं होतं.